भिंतीवरची जाहिरात वर्गात न्या!



आपल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीकडे शेवटचे कधी पाहिले होते? नुसते पाहिले नव्हे, त्यावर काय लिहिले आहे ते वाचले कधी? कोणत्याही गावात जा. शाळेच्या कुंपणावर ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ असते. दवाखान्यावर पोलिओच्या दोन थेंबांचे चित्र असते, अंगणवाडीवर सकस आहाराची थाळी असते, आणि कुठेतरी कोपऱ्यात आमच्या खात्याची, ‘फवारणी करताना काळजी घ्या’ अशी पाटी असते. रंग उडालेला असतो, वर निवडणुकीचे पोस्टर चिकटवलेले असते आणि खाली कुणाचा तरी बैल बांधलेला असतो. सरकारने पैसा खर्च करून सांगितलेल्या आणि आपण न ऐकलेल्या गोष्टी अशा भिंतीवरच राहून जातात.

मी तळोदा तालुक्यात कृषी विस्ताराचे काम करतो. पत्रके वाटणे, पोस्टर लावणे हा आमच्या कामाचा मोठा भाग. गठ्ठा आला, गावोगावी वाटला, सही घेतली, की काम झाले असे मीही समजत होतो. तसे समजणे चुकीचे होते. ती चूक मला एका लाल त्रिकोणाने दाखवली.

लाल त्रिकोणाचा घोळ

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात कपाशीच्या फवारणीवर बैठक होती. कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगांचे मोठे पोस्टर मी भिंतीला टांगले आणि बोलायला सुरुवात केली. मागे बसलेले एक म्हातारे आबा मध्येच म्हणाले, “साहेब, हाऊ तं दवाखानाना त्रिकोण शे!” सगळी बैठक हसली. मीही हसलो. घरी जाताना मात्र डोक्यात आले, आबांचे चुकले कुठे?

साठ-सत्तरच्या दशकापासून कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण खेड्यापाड्यांत पोचला. टोक खाली, रंग लाल. ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हते त्यांनाही तो कळायचा, इतकी ती जाहिरात यशस्वी झाली. आता कीटकनाशकाचा डबा पाहा. त्यावर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचे आडवे दोन भाग केलेले असतात आणि खालचा भाग रंगीत असतो. म्हणजे तोही टोक खाली असलेला त्रिकोणच झाला. आबांनी ओळखलेले चिन्ह बरोबर होते, अर्थ मात्र भलत्याच जाहिरातीचा होता. एक त्रिकोण म्हणतो दवाखान्यात या, दुसरा म्हणतो हे अत्यंत विषारी आहे, जपा. दोन्ही त्रिकोण सरकारनेच ठरवलेले. दोहोंतला फरक आबांना बसून समजावून सांगणारा कोणी भेटला नाही, एवढेच.

येथे एकदा नीट सांगून ठेवतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्याच्या वरच्या भागात कवटी आणि हाडांची फुली असते, व विष असा शब्द लाल अक्षरांत असतो. पिवळा म्हणजे जास्त विषारी. त्यावरही विष हा शब्द असतो, पण कवटी नसते. निळा म्हणजे मध्यम विषारी, त्यावर धोका असे लिहिलेले असते. हिरवा म्हणजे कमी विषारी, त्यावर सावधानतेचा शब्द असतो. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे. सिग्नलचा हिरवा दिवा आणि डब्यावरचा हिरवा त्रिकोण यांचा काही संबंध नाही. हे मी प्रत्येक बैठकीत दोनदा सांगतो, तरी कोणीतरी विचारतोच, “हिरवा आहे ना साहेब, मग काय होतंय?”

काय होते, ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तेथे वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढलेली, तोंडाला साधे फडके नाही, दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळलेली. आपल्याकडे काय वेगळे चालते, हे ज्याने त्याने आपल्या बांधावर उभे राहून सांगावे.

औषध की विष?

आबांच्या त्या बोलण्यानंतर मी ठरवले की मोठ्यांच्या बैठकीबरोबर शाळेतही जायचे. तालुक्यातील एका आश्रमशाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आठवीच्या वर्गात गेलो. पोस्टर तेच. फक्त या वेळी मी सांगितले नाही, विचारले. फळ्यावर लिहिले, ‘बाबांनी आज शेतात काय मारले?’ सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, “औषध!”

मग पोस्टरवरचा शब्द वाचायला लावला. एक मुलगा उभा राहून अडखळत म्हणाला, “विष.” वर्ग गप्प झाला. मी विचारले, “मग खरे काय? औषध की विष?” बराच वेळ चर्चा चालली. एक मुलगी म्हणाली, “सर, झाडाला औषध, आपल्याला विष.” मला एवढे सोपे करून सांगणे आजवर जमले नव्हते.

बंधूंनो, हा शब्दाचा खेळ नाही. आपण मराठीत ‘औषध मारले’ म्हणतो, हिंदीत ‘दवा’ म्हणतात. औषध म्हटले की माणूस निर्धास्त होतो. औषधाच्या बाटलीचे झाकण दाताने उघडले तर काय बिघडले? नोझल तुंबले तर तोंडाने फुंकले, काय होते? विष म्हटले की हात आपोआप मागे येतो. लाल आणि पिवळ्या खुणेच्या डब्यावर कायद्याने विष हाच शब्द छापलेला असतो, आपण मात्र तोंडाने त्याला औषध करून टाकले. त्या दिवशी त्या वर्गात मराठी भाषेचा आणि विज्ञानाचा, असे दोन्ही तास झाले. साधन काय, तर सरकारी गोदामात धूळ खात पडलेले एक पोस्टर.

प्रश्न विचारण्याची रीत जुनीच

ही युक्ती माझी नाही. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात हेच करीत. ते उपदेश कमी करायचे, समोरच्या माणसाला प्रश्न जास्त विचारायचे. उत्तर लोकांच्याच तोंडून यायचे, मग ते नाकारणार कसे? राज्य शासनाने २०००-०१ पासून त्यांच्याच नावाने ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. त्या वेळी गावोगावच्या भिंती रंगल्या. पण ज्या गावात बाबांच्या रीतीने एकमेकांना प्रश्न विचारले गेले, त्या गावात हातात झाडू आले. बाकीच्या गावांत भिंती तेवढ्या रंगल्या.

दुसरे उदाहरण विजया मुळे यांचे. मुंबईत जन्मलेल्या या बाईंनी शिक्षणासाठी चित्रपट तयार करण्याच्या कामात आयुष्य घालवले. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने काढलेला त्यांचा ‘एक अनेक और एकता’ हा काही मिनिटांचा व्यंगपट दूरदर्शनवर असंख्य वेळा दाखवला गेला. आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या अनेकांना तो आठवत असेल. देशाच्या एकतेचा सरकारी संदेशच होता तो. पण त्यात कोणी मंत्री भाषण करीत नाही. लहान भाऊ मोठ्या बहिणीला प्रश्न विचारतो, आणि जाळे घेऊन उडून जाणाऱ्या पक्ष्यांच्या गोष्टीतून त्याला उत्तर मिळते. म्हणूनच तो पन्नास वर्षे टिकला.

तेव्हा शिक्षक बंधू-भगिनींना माझे सांगणे आहे की, भिंतीवरची कोणतीही जाहिरात घ्या आणि मुलांना चारच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : हे कोण सांगत आहे?

जाहिरातीच्या खाली नाव आणि शिक्का कोणाचा, ते शोधायला लावा. कृषी विभाग, जिल्हा परिषद, आरोग्य खाते, की एखादी कंपनी? आजकाल विक्रीची जाहिरातही सल्ल्याच्या रूपात येते. ‘शेतकरी मित्रांनो, भरघोस उत्पन्नासाठी’ अशी सुरुवात आणि खाली टॉनिकच्या बाटलीचे चित्र! विकणाऱ्याने विकावे, त्याला ना नाही. पण जनहिताची जाहिरात कोणती आणि दुकानाची कोणती, एवढे आठवीच्या मुलाला ओळखता आले, तर पुढे तो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर फसणार नाही.

दुसरा प्रश्न : हे कोणाला सांगत आहे?

फवारणीच्या पोस्टरवर पाठीवर पंप घेतलेला एकटा पुरुष असतो. मुलांना विचारले, “तुमच्या शेतात पाणी कोण आणून देते? द्रावण ढवळते कोण? फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदायला कोण जाते?” उत्तर आले, “आई.” मग पोस्टरमध्ये आई का नाही? पुरुषाचे विषाने भिजलेले कपडे घरातल्या इतर कपड्यांबरोबर धुते तीही आईच. म्हणजे ज्या बाईला हे कळायला हवे, तिला ही जाहिरात हाकच मारत नाही.

भाषेचेही तेच. आपल्या तालुक्यात घरात भिली, पावरी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. बाजारात अहिराणी आणि गुजराती चालते. पोस्टर मात्र पुण्या-मुंबईच्या मराठीत. ‘संरक्षक परिधान वापरावे’ हे वाक्य माझ्या स्वतःच्या आजीलाही समजले नसते. तिसरी गोष्ट हंगामाची. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्या काळात गावात लावलेली लसीकरणाची किंवा शिबिराची जाहिरात वाचायला घरी असते कोण?

तिसरा प्रश्न : जे सांगितले ते आपल्याला जमेल का?

पोस्टरमधला माणूस पायापासून डोक्यापर्यंत झाकलेला असतो. एका मुलाने विचारले, “सर, हा चंद्रावर चालला का?” ऑक्टोबरच्या उन्हात तसला पोशाख चढवून आमचा शेतकरी दोन तास उभा राहणार नाही, हे मलाही माहीत आहे. मग सगळेच सोडून द्यायचे? नाही. मुलांकडून यादी करून घेतली की यातले आजपासून काय जमेल. पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाकातोंडाला मास्क, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारणी. वारा पाठीवर घेऊन चालणे. उपाशीपोटी पंप न उचलणे. मध्ये तंबाखू-बिडी नाही. द्रावण हाताने नव्हे, काठीने ढवळणे. नोझल तोंडाने न फुंकणे. काम झाल्यावर साबणाने आंघोळ, आणि कपडे वेगळे धुणे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

आणखी एक. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, घाम, यांपैकी काही झाले तर काम तिथेच थांबवा. अंगावरचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा. घरगुती उपाय करीत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि दवाखान्यात जाताना डब्यावरचे लेबल किंवा आतले माहितीपत्रक बरोबर न्या. विषावरचा उतारा त्यावर छापलेला असतो, डॉक्टरांचा वेळ वाचतो.

चौथा प्रश्न : हे कधी सांगितले होते?

‘एक रुपयात पीक विमा’ ही जाहिरात अजून कितीतरी भिंतींवर दिसेल. ती योजना २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता शेतकऱ्याला आपला हिस्सा भरावा लागतो. खरीप अन्नधान्य व तेलबियांना विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का, आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत. भिंत मात्र अजून एकच रुपया म्हणते. जाहिरात खोटी नव्हती, शिळी झाली. पण शिळ्या जाहिरातीवर विसंबून एखाद्याची मुदत टळली, तर नुकसान शिळे नसते.

गणिताच्या शिक्षकांना यात आयते उदाहरण आहे. विमा रक्कम ५० हजार धरली तर २ टक्के म्हणजे किती? एक हजार. ५ टक्के म्हणजे? अडीच हजार. शेकडेवारीचा धडा याहून घरचा कुठे मिळेल? मुलगा हेच गणित रात्री वडिलांपुढे मांडेल.

माझ्या हातून झालेली चूक

आता जे सांगतो ते सांगताना संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे.

त्या आठवीच्या वर्गात रिकाम्या डब्यांचा विषय निघाला होता. मी विचारले, “रिकाम्या डब्याचे घरी काय करता?” निम्मे हात वर झाले. कोणी त्यात बियाणे ठेवते, कोणी रॉकेल, आणि कोणी शेतात पिण्याचे पाणी नेते. मी हादरलो. जोरात म्हणालो, “असला डबा घरात दिसला की फोडून टाका!”

चार दिवसांनी एक पालक कार्यालयात आले. चेहरा रागाने लाल. “साहेब, तुम्ही काय शिकवलं पोरीला? माझा पाण्याचा डबा तिनं विळ्यानं फोडला. आता शेतात पाणी कशात नेऊ? तुम्ही देणार का डबा?” त्यांना बसवले, पाणी दिले. आधी विचारले, पोरीच्या हाताला काही लागले का? नाही म्हणाले. पण माझ्या पोटात गोळा आला तो आला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने उघड्या हातांनी विषाचा डबा फोडला होता, आणि तसे करायला मीच सांगितले होते. डबा कोणी फोडायचा आणि कसा, हे सांगायला मी विसरलो होतो.

दुसऱ्याच दिवशी वर्गात जाऊन चूक कबूल केली. तेव्हापासून नियम पक्का केला आहे. मुलांनी फक्त वाचायचे आणि घरी सांगायचे. डब्याला हात मोठ्यांनीच लावायचा, तोही हातमोजे घालून. रिकामा डबा तीन वेळा पाण्याने विसळावा आणि ते पाणी पंपातच ओतावे. मग डब्याला भोके पाडून तो विहीर, नाला आणि वस्तीपासून दूर पुरावा. वर्गात शिकवताना खरा डबा, मग तो रिकामा का असेना, कधीही आणू नये. पोस्टर, छापील पत्रक किंवा मोबाईलवरचा फोटो पुरेसा आहे.

त्या पालकांचा प्रश्न मात्र अजून माझ्यापुढे उभा आहे. “पाणी कशात नेऊ?” आमची जाहिरात म्हणते, डब्याचा पुनर्वापर करू नका. बरोबरच आहे. पण मजबूत, झाकणाचा, फुकट मिळालेला पाच लिटरचा डबा गरीब माणूस हौसेने वापरत नाही. नवा घ्यायला पैसे पडतात म्हणून वापरतो. त्या मुलीने जाहिरात अक्षरशः पाळली आणि बापाच्या पाण्याची अडचण झाली. जाहिरातीत जे लिहिलेले नसते, ते मुले घरी गेल्यावर उघडे पडते. तिथून पुढचे काम शाळेचे नाही, गावाचे आहे.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब, पोलीस पाटील आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद यांना म्हणून काही विनंत्या :

• कोणत्याही खात्याचे पोस्टर गावात आले की एक प्रत भिंतीवर आणि एक प्रत शाळेत द्यावी. शाळेत जुन्या जाहिरातींची एक फाईल ठेवावी.

• भिंतीवर जाहिरात रंगवताना कोपऱ्यात महिना व वर्ष लिहावे. योजना बंद झाली की त्यावर चुना फिरवावा.

• मुलांकडून तोच मजकूर घरच्या बोलीत लिहून घ्यावा. देवनागरीत लिहिलेली पावरी किंवा भिली वाक्ये शाळेच्या भिंतीवर रंगवावीत. चित्रात बाई काढायला सांगावे.

• दहावीच्या मराठीत जाहिरात लेखन आहेच. दुकानाच्या सेलची जाहिरात लिहिण्याऐवजी गावाच्या कामाची जाहिरात लिहायला द्यावी.

• खरिपाच्या आधीच्या ग्रामसभेत मुलांना दहा मिनिटे द्यावीत. त्यांनी प्रश्न विचारावेत, मोठ्यांनी उत्तरे द्यावीत.

• पिण्याच्या पाण्याचे डबे गावाने एकत्र घेतले तर स्वस्त पडतात. त्यांवर ठळक खूण करावी, म्हणजे विषाच्या डब्याशी गल्लत होणार नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हाला एकच मागणे आहे. मुलगा किंवा मुलगी डब्यावरचे वाचून दाखवू लागली, तर “गप बस, मला शिकवतो का” म्हणू नका. आपल्यापैकी अनेकांना ती बारीक अक्षरे दिसत नाहीत, काहींना वाचता येत नाहीत. पोराला दिसतात आणि येतात. त्याला पाच मिनिटे द्या.

ते रागावलेले पालक या हंगामात मला बाजारात भेटले. खांद्यावर पाण्याची नवी निळी कॅन होती. मला पाहून थांबले, कॅन दाखवली आणि म्हणाले, “घेतली साहेब, पोरीनं पिच्छाच सोडला नाही. आता ती पंपाजवळ उभी राहून विचारते, बाबा, आज कोणता त्रिकोण?”

तुमच्या घरी हा प्रश्न अजून कोणी विचारला नसेल, तर आज संध्याकाळी तुम्हीच मुलांना विचारा. डबा वर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि त्यावरचा त्रिकोण लांबून दाखवा. त्याचा रंग कोणता आणि त्याचा अर्थ काय, हे मुलांनाच सांगू द्या.